एकशे ऐंशी म्हणजे दोनशे बारा

आपल्याकडे ताप फॅरेनहाइटमध्ये येतो आणि ऊन सेल्सियसमध्ये पडतं. यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळीसवर गेला की आपण पंख्याखाली बसून वैतागतो, आणि त्याच घरात त्याच दुपारी कुणाचं अंग एकशे एक झालं की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. चाळीस आणि एकशे एक यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, असं कुणाच्या मनात येत नाही. एका घरात राहणाऱ्या पण चुली वेगळ्या असलेल्या दोन जावांसारखे हे आकडे वर्षानुवर्षं सुखाने नांदतात.

मला मात्र एकदा ती ओळख करून द्यावी लागली. आणि मी ती अशी करून दिली की नारायण पेठेतल्या आमच्या घरात पंधरा दिवस वातावरण तंग राहिलं आणि चौघांनी मिळून आयुष्यभराची धिरडी खाल्ली. ते आता सांगायला हरकत नाही. ज्यांना राग यायला हवा होता, त्यांना तो येऊन गेलेला आहे.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. त्या दिवसांत पुण्यात दर दोन गल्ल्यांआड एक असा क्लास निघाला होता. आधी जिथे टायपिंग आणि शॉर्टहँडची पाटी असे, तिथेच त्याच खिळ्यांवर कॉम्प्युटरची पाटी लागे. आमच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं. आत एसी होता, आणि भिंतीवर लिहिलेलं होतं की ही थंडी यंत्रांसाठी आहे, विद्यार्थ्यांनी आपापले स्वेटर आणावेत. मे महिन्यात मी पाठीवर सॅक आणि हातात स्वेटर घेऊन लक्ष्मी रस्त्याने जाताना दिसले की ओळखीचे लोक काळजीने माझ्या तब्येतीची चौकशी करत.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्याने लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वेळ नाही मिळाला." तिला खरंच वेळ नव्हता. बावीस वर्षं ती हडपसरच्या एका कंपनीत टायपिस्ट होती आणि रोज सकाळी सव्वासातला घराबाहेर पडायची. बाबा दुसऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मशीनच्या भागांची चित्रं काढायचे, इतकी रेखीव की एक रेघ दुसरीला जिथे भेटायला हवी, तिथेच भेटायची.

मग बाबांच्या ड्रॉइंग ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले आणि आठ ड्रॉइंग बोर्ड गोडाउनमध्ये गेले. त्यातल्या एका बोर्डामागचे बाबा घरी आले. वर्षभरात आत्याच्या कंपनीनेही टाइपरायटर काढून टाकले आणि टायपिस्टना स्वेच्छानिवृत्तीचं पत्र दिलं. ते पत्र आत्यानेच टाइप केलं होतं. त्यात एकही चूक नव्हती, हे ती आल्यागेल्याला सांगायची.

अशा रीतीने कॉम्प्युटरने आमच्या घरातली दोन माणसं घरी बसवली, आणि त्या दोन माणसांनी एकमताने ठरवलं की मुलीने कॉम्प्युटर शिकावा.

बाबांनी निवृत्ती मानवून घेतली, निदान तसं दाखवलं. आत्याला ते जमेना. तिला पैशांची फार चिंता नव्हती. तिला तिची बस हवी होती. बावीस वर्षं डाव्या बाजूची खिडकी, तेच कंडक्टर, पुलापाशी चढणाऱ्या त्याच बायका, हडपसरला उतरल्यावर तोच भाजीवाला. आता ती सव्वासातला तयार होऊन बसायची आणि साडेसातला पुन्हा घरातली साडी नेसायची. आईने हे पाहिलं होतं. आई म्हणायची, हिला काहीतरी करून आठवड्यातून एकदा तरी हडपसरला पाठवायला हवं.

आणि तशी संधी चालून आली. आत्याच्या जुन्या कंपनीजवळच एक सॉफ्टवेअर कंपनी उघडली होती, बाहेरून सगळी काचेची. तिथली व्यवस्था बघणारी बाई कधीकाळी आत्याच्या हाताखाली टायपिंग शिकलेली. तिने फोन करून सांगितलं की दर शुक्रवारी चार वाजता आमच्याकडे मुलांना चहाबरोबर काहीतरी गोड देतात, आणि बेकरीचा केक खाऊन ती कंटाळली आहेत. तुमच्या हातचा केक मला आठवतो. घरगुती हवा, पण दिसायला नीटस, चौकोनी, एकसारखे चाळीस तुकडे. पंधरा दिवसांनी शुक्रवारी नमुना घेऊन या, आवडला तर दर शुक्रवार तुमचा.

दर शुक्रवार. आत्याने फोन खाली ठेवला आणि पहिली गोष्ट कुठली विचारली असेल, तर बसचं वेळापत्रक बदललं आहे का.

आत्याचा केक चांगला व्हायचा, यात शंका नाही. पण तो आमच्या ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये. झाकणाला काच असलेलं ते घमेलं, त्याला आकडे नव्हते, फक्त चालू आणि बंद. बाकी सगळं आत्याच्या नाकावर चालायचं. त्यात चाळीस चौकोनी तुकडे होणं शक्य नव्हतं. नेमकी तेव्हाच आत्याची एक मैत्रीण अमेरिकेतून कायमची परत आली होती आणि सोबत अख्खा संसार घेऊन आली होती. तिने आपला मोठा ओव्हन आत्याला देऊन टाकला. तो अमेरिकेच्या विजेवर चालणारा, म्हणून त्याच्याबरोबर एक ट्रान्सफॉर्मरही आला. ट्रान्सफॉर्मर ओव्हनपेक्षा जड होता. तीन मजले चढवताना हमालाने दोनदा विचारलं की यात नक्की वीजच आहे ना.

आत्याने उत्साहाच्या भरात गोल ओव्हन त्याच संध्याकाळी आईच्या मावसबहिणीला देऊन टाकला. हे लक्षात ठेवा. मागे फिरायचा रस्ता तिने स्वतःच्या हाताने बंद केला.

नव्या ओव्हनला एक गोल बटण होतं आणि त्याभोवती आकडे, दोनशेपासून पाचशेपर्यंत. आत्याने बेकिंगचा दहा दिवसांचा एक वर्ग केला होता, त्या वहीत लिहिलेलं होतं: एकशे ऐंशीवर तीस मिनिटं. आत्याने वहीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. बटण दोनशेच्या खाली जायला तयार नव्हतं.

"ते फॅरेनहाइट आहे," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले. "वही सेल्सियसमध्ये आहे. नऊने गुणायचं, पाचने भागायचं, बत्तीस मिळवायचे. पेन्सिल आण, करून देतो."

मी पेन्सिल आणायला उठलेही होते. पण आत्याने हात केला. "दादा, तू कशाला डोळे शिणवतोस? ही शिकतेय ना. तिच्या कॉम्प्युटरला करू दे की."

बाबांनी वर्तमानपत्र पुन्हा वर उचललं. मला तेव्हा त्यात काही विशेष दिसलं नाही. मला दिसत होती ती माझी स्वतःची छबी. सहा महिने मी क्लासला जात होते आणि सहा महिने प्रत्येक नातेवाईक विचारत होता की तिथे नक्की करता काय. आता उत्तर मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी प्रोग्रॅम लिहिला. दहा ओळींचा. बाबांनी सांगितलेलं सूत्रच घातलं, पण जरा सुबक दिसावं म्हणून नऊ भागिले पाच यांच्याभोवती कंस घातला. रांगोळीच्या शेवटी आपण एक जास्तीचा ठिपका देतो ना, तसा. आमचे सर नेहमी सांगायचे की प्रोग्रॅम लिहिला की एक माहितीतलं उत्तर तपासून बघा. मी आज्ञाधारक. शून्य सेल्सियस घातलं, बत्तीस फॅरेनहाइट आलं. बरोबर. मग दीडशेपासून अडीचशेपर्यंत दहा-दहाच्या अंतराने तक्ता काढला आणि सरांच्या परवानगीने छापला. तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असा किंचाळत छापायचा की त्यातून खोटं काही बाहेर पडेल यावर विश्वास बसत नसे.

तो कागद मी गुंडाळून, रबर लावून, मोपेडच्या पुढच्या पिशवीत उभा ठेवून घरी आणला. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या होत्या. आई त्या फाडायला निघाली तर मी ओरडले. कॉम्प्युटरचा कागद आहे हे त्या भोकांवरूनच तर कळतं. आत्याने तो ओव्हनच्या वर भिंतीला चिकटपट्टीने लावला. शेजारच्या काकू मुद्दाम बघून गेल्या. त्यांनी आकड्यांना हात लावून पाहिला.

आता मी तो कागद वाचला होता का? नाही. छापलेला कागद वाचायचा नसतो, दाखवायचा असतो, असं माझं तेव्हा मत होतं. बाबा मात्र त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. चष्मा वर केला, खाली केला. मग गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, रुसलेत.

एकशे ऐंशीच्या समोर छापलं होतं, दोनशे बारा. आत्याने बटण दोनशेच्या जरा पुढे नेलं, केकचं भांडं आत ठेवलं आणि घड्याळ लावलं. तीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा आतलं मिश्रण जसं गेलं होतं, तसंच शांतपणे आमच्याकडे बघत होतं. थोडं गरम झालं होतं एवढंच. आणखी तीस मिनिटं. मग आणखी. दोन तासांनी त्याच्यावर साय धरली.

"खरवस छान झालाय," बाबा म्हणाले.

आत्याने ते मनावर घेतलं नाही. पहिला दिवस, नवा ओव्हन. दोष बेकिंग पावडरचा निघाला. डबा जुना होता. आईने ते मिश्रण फेकू दिलं नाही. त्यात थोडं तांदळाचं पीठ घालून तिने धिरडी घातली. गोड धिरडी, व्हॅनिलाच्या वासाची. बरी लागली.

दोन दिवसांनी नवी पावडर आणून दुसरा केक. दोनशे बारा, तीस मिनिटं, खरवस. या वेळी दोष ट्रान्सफॉर्मरचा. पेठेतलं व्होल्टेज आधीच कमी, त्यात हा मधला माणूस किती खात असेल. मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर लावलं आणि सांगितलं की ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे, आमच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे. धिरडी.

तिसऱ्या केकच्या वेळी आत्याने अंडी बदलली, मैदा बदलला, स्वयंपाकघराची खिडकी बंद केली, पंखा बंद केला आणि आम्हाला स्वयंपाकघरात बोलायची बंदी केली, कारण वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं की केकला धक्का सोसत नाही. आम्ही तिघं बाहेर सोफ्यावर, कुणाचं ऑपरेशन चालू असावं तसे बसलो होतो. आत्या बाहेर आली तेव्हा तिने काही सांगायची गरज नव्हती. आई उठली आणि तांदळाच्या पिठाचा डबा काढायला गेली.

तुम्ही विचाराल, कागदाचा संशय कुणालाच कसा आला नाही. आजच्या माणसाला हे समजावणं अवघड आहे. पावडर चुकू शकते, वीज चुकू शकते, कोंबडीसुद्धा चुकू शकते. पण तेव्हा कॉम्प्युटर चुकत नसे. रेल्वेच्या आरक्षणात नाव आलं नाही तरी लोक खिडकीवर म्हणत की आमच्याच नशिबात नव्हतं.

आला गुरुवार. नमुना दुसऱ्या दिवशी न्यायचा होता. सकाळची दहाची वेळ. आत्या फोनपाशी स्टूल ओढून बसली. तिने पदर नीट केला, जणू समोरच्या बाईला दिसणार होता. ती कळवणार होती की प्रकृती बरी नाही, तुम्ही दुसरं कुणीतरी बघा.

"एक आठवडा मागून घ्या," आई म्हणाली.

"बावीस वर्षांत एकदा पत्र उशिरा दिलेलं नाही मी, वहिनी," आत्या म्हणाली. "जमत नाही म्हटलेलं बरं."

तिने तीन आकडे फिरवले. आता हडपसर गेलंच, एवढंच मला कळत होतं. तेवढ्यात गॅलरीतून बाबा आत आले. त्यांचा तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. क्लासमधली मुलं सरांना पहिल्यांदा शंका विचारताना जशी उभी राहतात, तसे ते दारात उभे होते.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "चुकत असेन तर सांगा. आमच्या वेळी दोनशे बाराला पाणी उकळायचं."

आत्याचं बोट फोनच्या चकतीतच राहिलं.

"अजूनही तेवढ्यालाच उकळत असेल, अहो," आई म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. शाळेत तोंडपाठ होतं. बत्तीसला बर्फ, दोनशे बाराला वाफ. त्या आकड्यावर फार तर मोदक उकडतील. केक भाजायला आणखी बरंच वर जायला हवं."

मी म्हणाले, "पण बाबा, कॉम्प्युटरने काढलंय."

"हो ना," ते अगदी समजूतदारपणे म्हणाले. "म्हणूनच गप्प बसलो."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कॅलेंडरचं एक फाडलेलं पान काढलं. चौघडी केलेलं, घड्यांवर मऊ पडलेलं. बारा दिवस ते त्यांच्या खिशात होतं. एका सदऱ्यातून दुसऱ्या सदऱ्यात जात होतं. त्याच्या मागे एकच हिशेब होता, पाच वेळा केलेला. पाचही वेळा उत्तर एकच. तीनशे छप्पन्न.

आत्या फोन ठेवून उठली. "दादा, मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, अमेरिकेतलं फॅरेनहाइट वेगळं असेल," बाबा म्हणाले. "हल्ली सगळंच बदलतंय. डिग्र्याही बदलल्या असतील, मला काय माहीत. कारखान्यातही मी एकदा म्हणालो होतो की कॉम्प्युटरच्या चित्रात भोक चुकीच्या जागी आलंय. सगळे हसले होते."

"आणि भोक?" आईने विचारलं.

"चुकीच्याच जागी होतं. पण ते नंतर कळलं."

मी माझ्या कागदाकडे पाहत होते आणि कागद माझ्याकडे. मग आत्या त्याच्याजवळ गेली. ती टायपिस्ट होती. आकड्यांच्या उभ्या रांगा तपासण्यात तिने अर्धं आयुष्य घालवलं होतं. तिने बोट वरून खाली आणलं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. "एकशे पन्नास, एकशे ब्याऐंशी. एकशे साठ, एकशे ब्याण्णव. एकशे सत्तर, दोनशे दोन. अगं बाई, यात गुणाकार कुठे आहे? हे तर नुसतं बत्तीस मिळवलंय."

खरंच तसं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न चुकता, शिस्तीत बत्तीस. कॉम्प्युटरने नुसती बेरीज करून ठेवली होती.

"हिला सहा महिन्यांत बेरीज आली," बाबा म्हणाले. "गुणाकार पुढच्या सत्रात असेल."

ते हे म्हणाले आणि मला बरं वाटलं. बारा दिवसांत ते पहिल्यांदा नेहमीसारखं बोलले होते.

पुढचा अर्धा तास आमच्या घरात युद्धपातळीवर काम झालं. आई अंडी फेटत होती, मी भांड्याला तूप लावत होते, आत्या मैदा चाळत होती. बाबा ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसले आणि बटण लावायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. तिथे नवा पेच आला. बटणाभोवती तीनशे पन्नासची खूण होती आणि मग एकदम चारशे. तीनशे छप्पन्नला जागाच नव्हती.

आत्या म्हणाली, साडेतीनशेवर ठेव आणि हो बाजूला. सहा डिग्रीने काय होतंय. बाबा म्हणाले, ज्या घरात एकशे चव्वेचाळीस डिग्रीची चूक बारा दिवस भिंतीवर लावून ठेवली होती, तिथे निदान आता तरी सहाची सवय लावू नका. त्यांनी त्यांच्या जुन्या पेटीतून कंपास आणि कोनमापक काढलं, ओव्हनला लावलं, साडेतीनशे ते चारशेमधलं अंतर मोजलं आणि तीनशे छप्पन्न कुठे येतं ते ठरवलं. पण पेन्सिलीची खूण त्या गुळगुळीत पत्र्यावर उठेना. तेव्हा आत्याने कपाळावरची टिकली काढली आणि त्यांनी दाखवलेल्या जागी चिकटवली.

"हं. झालं तुझं? आता सरक."

पंधराव्या मिनिटाला वास आला. मी आयुष्यात पुष्कळ चांगले वास घेतले आहेत, पण त्या गुरुवारी साडेअकराला आमच्या जिन्यात जो पसरला तसा नाही. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले की आज काय आहे. तिसाव्या मिनिटाला आत्याने दार उघडलं. केक फुगला होता, वरून खारकेच्या रंगाचा झाला होता आणि कडेने भांड्यापासून नीट सुटला होता. आत्याने त्यात सुरी खुपसली. सुरी कोरडी बाहेर आली. आत्याने सुरी आम्हा तिघांना, एकेकाला, समोर धरून दाखवली.

तो केक आम्हीच खाल्ला, कारण नमुन्यासाठी ताजा हवा होता. शुक्रवारी सकाळी दुसरा केला. बाबांनी पट्टी लावून चाळीस तुकड्यांच्या रेघा आखून दिल्या, आत्याने कापले. सव्वासातला ती तयार होती, जायचं बाराला होतं तरी.

मी तिच्याबरोबर गेले. मांडीवर स्टीलचा मोठा डबा, डाव्या बाजूची खिडकी. फातिमानगरच्या आसपास आत्याने खिडकीबाहेर एक नवी इमारत बघितली आणि म्हणाली, "ही नव्हती." जणू तिला न विचारता बांधली होती.

काचेच्या कंपनीत आम्हाला एका थंडगार खोलीत बसवलं. तिथेही मला स्वेटरची आठवण आली. व्यवस्थापक बाईंनी एक तुकडा उचलला, उलटा करून खालून पाहिला, वरून पाहिला, शेजारच्या तुकड्याला लावून मापला. मग खाल्ला. मग दुसरा उचलला. मी आत्याकडे पाहिलं. ती समोरच्या टेबलावरच्या कीबोर्डकडे बघत होती आणि तिची बोटं डब्याच्या झाकणावर आवाज न करता काहीतरी टाइप करत होती.

बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे शिकत होते तेव्हा एक अक्षर पुसट आलं तर तुम्ही अख्खं पान पुन्हा करायला लावायचात. तुकडे बघूनच कळलं, तुमचेच आहेत." आणि पुढच्या शुक्रवारपासून यायला सांगितलं. निघताना डबा रिकामा होता. खोलीबाहेर तीन-चार मुलं उगीचच घुटमळत होती.

सोमवारी मी क्लासमध्ये सरांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी समजावलं की प्रोग्रॅमच्या या भाषेत दोन पूर्ण आकड्यांचा भागाकार केला की कॉम्प्युटर दशांश टाकून देतो. नऊ भागिले पाच म्हणजे एक पूर्णांक आठ, त्यातला आठ त्याने केराच्या टोपलीत टाकला आणि एक ठेवला. एकाने गुणलं की काहीच होत नाही, राहतात नुसते बत्तीस. आणि मी तपासायला शून्य घेतलं होतं. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. "कंस घातला नसतास तर आधी नऊने गुणलं गेलं असतं आणि वाचली असतीस," सर म्हणाले. ती माझी रांगोळी.

मी नवा तक्ता छापून आणला. यात सगळं बरोबर होतं, कडेला भोकंही होती. पण भिंतीवरची जागा भरलेली होती. बाबांनी शनिवार-रविवार बसून स्वतःचा तक्ता काढला होता, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, जुन्या रेघ मारायच्या पेनाने. शंभरपासून अडीचशेपर्यंत. आकडे एका उंचीचे, रेघा केसासारख्या बारीक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात कारखान्याच्या पद्धतीने एक चौकट: काढणार, तपासणार, मंजुरी. काढणार बाबा. मंजुरीच्या जागी आत्याने सही केली होती. तपासणारची जागा रिकामी होती.

"कर सही," बाबा म्हणाले. "आधी तपास मात्र. शून्यावर थांबू नकोस."

मी पेन्सिल घेऊन सगळ्या ओळी हाताने तपासल्या. तासभर लागला. एकही चूक नव्हती. सही केली. मी पुढे बरीच वर्षं कॉम्प्युटरच्याच नोकऱ्या केल्या, मोठमोठ्या कागदांवर सह्या केल्या, पण इतकी धास्ती पुन्हा कधी वाटली नाही. माझे पहिले दोन तक्ते आईने ओट्याच्या खणात अंथरले. बत्तीस मिळवलेला आणि बरोबर असलेला, दोघांवर ती सारख्याच निष्ठेने तेलाच्या बाटल्या ठेवायची.

आत्याची शुक्रवारची बस पुढे अकरा वर्षं चालली. दर शुक्रवारी सकाळी बाबा ओव्हनपुढे येऊन, वाकून, बटण बरोबर टिकलीवर आणून ठेवत. उष्णतेने टिकलीचा गोंद सुके, मग आत्या नवी लावे, आणि बाबा कोनमापकाने जागा पुन्हा तपासत. तिला ते चाले. संध्याकाळी ती रिकामा डबा घेऊन परत आली की बाबा दारातच विचारत. केक आवडला का, हे ते कधी विचारत नसत.

"कितीवर होता?"

"तीनशे छप्पन्न," आत्या सांगायची आणि चपला काढायची.

मी त्या ओव्हनशेजारी बसून अनेक शुक्रवारी नाश्ता केला आहे. बाबा वळून गॅलरीत गेले की आत्या बटण हळूच मागे, साडेतीनशेच्या खुणेवर आणायची. टिकलीपासून अर्ध्या बोटाच्या अंतरावर. मग माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवायची, आणि मी धिरडं पुढे ओढायचे. हो, आई शुक्रवारी अजूनही तीच धिरडी घालत होती, व्हॅनिलाची. आता ती मुद्दाम करावी लागत.